ड्रेनेज ट्रेंचवरची लोखंडी जाळी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे ट्रेंचच्या, म्हणजे जमिनीतल्या सांडपाण्याच्या चरीच्या, जाळीची चौकशी येते तेव्हा कागदावर लांबी असते, रुंदी असते आणि शेवटी ‘हेवी ड्यूटी’ असं लिहिलेलं असतं. हेवी ड्यूटी हे माप नव्हे. तीन टनांचा फोर्कलिफ्टही हेवी आणि भरलेला टँकरही हेवी. म्हणून आमचा पहिला उलटप्रश्न ठरलेला असतो: वरून कसलं चाक जाणार आणि कुठल्या दिशेनं? त्याचं उत्तर मिळालं की बाकीचे प्रश्न बरेच सोपे होतात.

४०×५, ३०×१०० असं लिहिलेलं असतं. ते कसं वाचायचं?

जाळीत दोन प्रकारचे बार असतात. कडेवर उभ्या ठेवलेल्या चपट्या पट्ट्या म्हणजे बेअरिंग बार. भार त्याच उचलतात. त्यांना आडवे जाणारे क्रॉस बार बहुधा पीळ दिलेल्या चौकोनी सळईचे असतात. पट्ट्या सरळ उभ्या धरणं आणि शेजारच्या पट्टीला थोडा भार पोचवणं, एवढंच त्यांचं काम.

४०×५ म्हणजे पट्टीची उंची ४० मिमी आणि जाडी ५ मिमी. ३०×१०० म्हणजे एका पट्टीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत ३० मिमी आणि क्रॉस बारांमध्ये १०० मिमी. पट्टीची जाडी वजा केली की मोकळी फट २५ मिमी उरते. हा २५ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे ट्रॉलीच्या चाकाशी त्याची गाठ पडणार आहे.

पट्ट्या ट्रेंचच्या लांबीत ठेवायच्या की रुंदीत?

रुंदीत. म्हणजे एका काठावरून दुसऱ्या काठावर, पुलासारख्या. पट्टीची दोन्ही टोकं फ्रेमवर, म्हणजे काठावरच्या लोखंडी चौकटीवर, टेकली पाहिजेत.

हे इतकं उघड आहे की कुणी चुकणार नाही असं वाटतं. तरीही जाळी बसण्याचं, म्हणजे मधे खचण्याचं, सर्वांत जास्त दिसणारं कारण हेच. एका धुलाई विभागात आम्हाला ‘तुमचा माल कमजोर निघाला’ म्हणून बोलावलं होतं. चाळीसेक तुकड्यांपैकी सहाच तुकडे मधोमध खोलगट झाले होते आणि शेजारचे तुकडे टेबलासारखे सपाट. वाकून पाहिलं तर त्या सहांच्या पट्ट्या ट्रेंचच्या लांबीत होत्या. तुकडे नेमके चौरस होते, जेवढे रुंद तेवढेच लांब. सफाईला उचलले आणि परत ठेवताना कुणीतरी नव्वद अंशांत फिरवून ठेवले. मग पट्ट्या अधांतरी राहिल्या आणि चाकाचा सगळा भार कडेच्या दोन पट्ट्यांवर आणि बारीक क्रॉस बारांवर आला.

चूक सफाई करणाऱ्याची नव्हती, चौरस तुकडा देणाऱ्याची होती, म्हणजे आमचीच. तेव्हापासून ट्रेंचसाठी चौरस तुकडा आम्ही करत नाही. लांबी मुद्दाम वेगळी ठेवतो, म्हणजे तो उलटा फिरवला तर बसतच नाही.

ऑर्डरमध्येही ‘३७०×१०००’ एवढंच लिहू नका. ‘पट्टीची लांबी ३७०’ असं स्पष्ट लिहा.

जाड पट्टी घ्यावी की उंच?

उंच. पट्टीची जाडी दुप्पट केली तर ताकद दुप्पट होते. उंची दुप्पट केली तर ताकद चौपट आणि ताठपणा आठपट होतो. लोखंड दोन्हीकडे सारखंच लागतं. त्यामुळे ‘१० मिमीची पट्टी टाका, मजबूत होईल’ हे ऐकलं की आम्ही आधी जाळी टेकायची खाच किती खोल आहे ते विचारतो.

फोर्कलिफ्टचा हिशेब ढोबळमानाने करून पाहू. अडीच टन उचलणाऱ्या फोर्कलिफ्टचं स्वतःचं वजन साधारण चार टन धरा. माल उचलला की एकूण साडेसहा टनांपैकी सुमारे नव्वद टक्के वजन पुढच्या आसावर येतं, म्हणजे पुढच्या एका चाकावर २.९ टन. हादरा आणि ब्रेक यांसाठी ते १.४ पट करायचं, की सुमारे ४० किलोन्यूटन, म्हणजे जवळपास चार टनांएवढा भार होतो. ट्रेंच ३०० मिमी रुंद, चाकाचा ठसा पट्टीच्या दिशेत १५० मिमी आणि आडवा १८० मिमी. ३० मिमीच्या अंतराने ठशाखाली सहा पट्ट्या येतात.

४०×५ च्या सहा पट्ट्यांवर या भाराने ताण येतो सुमारे २८० मेगापास्कल (ताण मोजायचं एकक). साधं एमएस (माइल्ड स्टील) २५० च्या आसपास कायमचं वाकतं. म्हणजे पहिल्याच फेरीत जाळी बसायला लागणार. ५०×६ घेतली तर ताण १५० वर येतो आणि ती टिकते. लोखंड दीडपट लागलं, ताकद मात्र जवळजवळ १.९ पट मिळाली. शेजारच्या पट्ट्या थोडा भार घेतात, तो यात धरलेला नाही. तो शिल्लक राहू द्या, उपयोगी पडतो.

आता तीच ट्रेंच ४५० मिमी रुंद करा. ५०×६ वरचा ताण २५० होतो, म्हणजे तीही गेली. म्हणून फोर्कलिफ्टच्या वाटेवर ट्रेंच रुंद करण्याऐवजी खोल करा. पाणी तेवढंच जातं आणि जाळी स्वस्तात सुटते.

माणसांच्या वावरासाठी ताकदीपेक्षा लवचिकता आधी जाणवते. तिथे झोक, म्हणजे भाराखाली पट्टी जेवढी खाली वाकते ते, स्पॅनच्या (दोन टेकणींमधल्या अंतराच्या) दोनशेव्या भागापेक्षा जास्त नसावा, हा प्रचलित निकष आहे. त्यापुढे पायाखाली हलतं आणि मोडणार नसली तरी माणूस बिचकून बाजूनं चालतो.

ए १५, डी ४०० हे वर्ग काय आहेत?

ड्रेनेज चॅनलसाठी ईएन १४३३ हे युरोपियन मानक आहे. त्यात ए १५, बी १२५, सी २५०, डी ४००, ई ६०० आणि एफ ९०० असे सहा वर्ग आहेत. आकडा म्हणजे चाचणीचा भार किलोन्यूटनमध्ये. ए १५ म्हणजे सुमारे दीड टन, फक्त पादचारी आणि सायकली. डी ४०० म्हणजे सुमारे चाळीस टन, रस्त्यावरची वाहतूक. एफ ९०० विमानतळांसाठी.

यात एक फसगत होते. आमच्याकडे चाळीस टनांचं काही येत नाही, तेव्हा सी २५० पुरे, असा हिशेब लोक करतात. वर्ग गाडीच्या नुसत्या वजनावरून ठरत नाही, चाक जमिनीला किती छोट्या जागेत दाबतं तेही पाहावं लागतं. ट्रकचं हवेचं टायर पसरतं, फोर्कलिफ्टचं ठोस टायर पसरत नाही. त्यात तो जागच्या जागी वळतो. म्हणूनच वजनानं हलक्या वाटणाऱ्या फोर्कलिफ्टच्या वाटेवर अनेक उत्पादक ई ६०० सुचवतात.

आमच्याकडे फक्त हँड पॅलेट ट्रक आणि ट्रॉल्या आहेत. मग हलकी जाळी चालेल?

ताकदीच्या दृष्टीनं कदाचित चालेल. पण इथे त्रास फटीचा असतो.

पॅलेट ट्रकचा पुढचा रोलर साधारण ८० मिमी व्यासाचा आणि कडक असतो. तो ट्रेंचच्या लांबीत जाळीवरून चालला तर २५ मिमीच्या प्रत्येक फटीत सुमारे २ मिमी खाली उतरतो आणि परत चढतो. फट ३५ मिमी असेल तर ४ मिमी. दर पट्टीला एक ठोका. रोलर झिजतो, पट्टीची वरची कड बोथट होते आणि आवाजानं शिफ्टवाल्यांचं डोकं उठतं.

ट्रॉलीचं उलट आहे. ती ट्रेंच ओलांडते तेव्हा पट्ट्या तिच्या चालण्याच्याच दिशेत असतात. वीस मिमी रुंदीचं बारकं कॅस्टर (ट्रॉलीचं फिरतं चाक) २५ मिमीच्या फटीत सरळ लांबीनं उतरतं आणि अडकतं. भरलेल्या ट्रॉलीवर ते माणसाच्या मनगटाला बसतं. अशा वाटेवर पट्ट्या जवळजवळ घ्या, म्हणजे फट चाकाच्या रुंदीच्या निम्म्याहून कमी राहील. नाहीतर तेवढ्या भागात भोकांची प्लेट टाका. पूर्ण ट्रेंच बदलायची गरज नसते, ओलांडायच्या जागेचे दोन-तीन तुकडे बदलले तरी भागतं.

एमएस, जीआय की एसएस?

ट्रेंचमध्ये काय वाहतं ते सांगा, मग ठरवू. नुसता रंग मारलेलं एमएस ओल्या ट्रेंचसाठी आम्ही सुचवत नाही. चाकाखाली रंग पहिल्या महिन्यातच कडांवरून निघतो आणि गंज तिथूनच आत शिरतो.

जीआय, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेली जाळी, साध्या पाण्याला, पावसाला, तेलकट धुण्याला उत्तम. पण जस्ताची सहनशक्ती साधारण ६ ते १२ पीएच एवढ्यातच आहे. आम्ल त्याला खातं आणि तीव्र कॉस्टिकही खातं. पिकलिंग (धातू आम्लात धुणं), प्लेटिंग, बॅटरी, दुधाच्या टाक्यांची आम्लधुलाई अशा ठिकाणी जीआय लावून वर्षभरात चाळण झालेली पाहिली आहे.

तिथे एसएस, म्हणजे स्टेनलेस स्टील, घ्या. मात्र हायड्रोक्लोरिक आम्ल असेल तर ३०४ आणि ३१६ हे त्याचे दोन्ही प्रकार हात टेकतात. तिथे धातूचा आग्रह सोडून एफआरपी, म्हणजे काचतंतू घातलेल्या प्लास्टिकच्या, जाळीकडे बघावं. लोखंड विकणाऱ्यानं हे सांगणं बरं दिसत नाही, पण सहा महिन्यांनी तक्रार ऐकण्यापेक्षा आत्ता सांगितलेलं परवडतं.

फ्रेम एसएसची आणि जाळी जीआयची, असा काटकसरीचा मेळ घालू नका. ओलीत दोन धातू टेकले की जस्त स्वतःला झिजवून एसएसला वाचवतं, म्हणजे जाळी टेकणीच्या जागीच आधी खलास.

३०४ आणि ३१६ मध्ये एवढा काय फरक?

मॉलिब्डेनमचा. ३१६ मध्ये ते साधारण २ टक्के किंवा थोडं जास्त असतं आणि त्यामुळे क्लोराइडपुढे ते जास्त टिकतं. मीठ, लोणची, मासळी, ब्लीचनं धुण्याची जागा असेल तर ३१६. नुसतं गोडं पाणी आणि साबण असेल तर ३०४ पुरतं. वेल्डिंग भरपूर असल्यामुळे जाळीला ३०४ एल किंवा ३१६ एल मागा. ‘एल’ म्हणजे कमी कार्बन, जास्तीत जास्त ०.०३ टक्के. वेल्डच्या शेजारी गंजण्याचा धोका त्यानं कमी होतो.

एसएस घेतलं तरी तांबूस ठिपके आले. माल नकली आहे का?

बहुतेक वेळा नाही. ठिपके कुठे आहेत ते नीट बघा. वेल्डच्या दोन्ही बाजूंना निळसर-तपकिरी पट्टा आणि त्यातच गंज असेल, तर वेल्डनंतर पिकलिंग-पॅसिव्हेशन, म्हणजे आम्लानं साफ करून वरचा संरक्षक थर परत आणणं, झालेलं नाही. ठिपके मिरपूड भुरभुरल्यासारखे सगळीकडे असतील, तर शेजारी कुणीतरी एमएसवर ग्राइंडर चालवला आहे. त्या ठिणग्यांचे लोखंडी कण एसएसवर चिकटतात आणि गंजतात ते कण. एमएसवर वापरलेली डिस्क किंवा तारेचा ब्रश एसएसवर फिरवला तरी हेच होतं. लवकर पिकलिंग पेस्टनं साफ केलं तर जातं. तसंच ठेवलं तर खाली खड्डे पडू शकतात.

जस्ताचा थर किती असावा? जागेवर कापलं तर?

आयएसओ १४६१ प्रमाणे ६ मिमीहून जाड पोलादावर सरासरी किमान ८५ मायक्रॉन, ३ ते ६ मिमीवर ७० मायक्रॉन. मापाचं यंत्र छोटं असतं. माल उतरवतानाच दहा-बारा जागी लावून बघा.

कापणी, वेल्डिंग, खाचा हे सगळं बुडवण्याआधी व्हायला हवं. जागेवर पाइपसाठी कोपरा कापावाच लागला तर कापलेली कड घासून त्यावर जस्तयुक्त रंगाचे दोन-तीन जाड हात द्या. हा उपाय छोट्या जखमेवरचा आहे, अर्धी ट्रेंच कापून रंगवण्यासाठी नाही. जीआयवर थेट वेल्डिंग करायचंच असेल तर आधी तिथलं जस्त घासून काढा आणि हवा खेळती ठेवा. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी-ताप भरतो. वेल्डर मंडळींना तो चांगला माहीत असतो, नव्या पोराला मात्र आधी सांगावं लागतं.

जाळी नवी, पण पाणी वर तुंबतं. फट वाढवायची का?

थांबा. ३०×१०० च्या जाळीचा जवळपास ७८ टक्के भाग उघडाच असतो. तिच्यातून पाणी जात नाही असं सहसा होत नाही. ट्रेंचचा उतार, बाहेर जाणारा पाइप आणि त्यावरची गाळणी हे आधी तपासा. ट्रेंचचा तळ साधारण १ टक्का उतारात असावा, म्हणजे १० मीटरला १०० मिमी.

कधीकधी दोष फ्रेमचा असतो. जमिनीचा थर नंतर टाकला आणि फ्रेम वर राहिली, तर पाणी काठाशी अडून डबकं होतं. फ्रेमची वरची कड तयार जमिनीपेक्षा २-३ मिमी खाली हवी. त्याहून जास्त खाली गेली तर चाक तिथे आपटेल.

माप कसं घ्यायचं?

ट्रेंच दोन्ही टोकांना मोजून चालत नाही. गवंड्याची दोरी कुठे सुटली ते मधेच कळतं. दर मीटरला मोजा आणि सर्वांत कमी माप धरा.

३०० मिमी मोकळी ट्रेंच आणि ४०×५ ची जाळी असेल तर ४५×४५×५ चा अँगल घ्या. त्याची आतली उंची बरोबर ४० आणि टेकायला दोन्हीकडे ४० मिमी जागा मिळते. दोन्ही उभ्या कडांमध्ये ३८० मिमी झाले. जाळी ३७२ ची करा. ती पूर्ण एका बाजूला सरकली तरी दुसऱ्या बाजूला ३२ मिमी टेकण राहतं. २५ च्या खाली कधी जाऊ नका.

अँगल भिंतीला खिळून भागत नाही. मागे काँक्रीटमध्ये रुतणारे हूक किंवा पट्ट्या वेल्ड केलेल्या हव्यात आणि काँक्रीट भरताना फ्रेमच्या दोन बाजूंमध्ये तात्पुरते आडवे दांडे. ते नसतील तर ओल्या काँक्रीटच्या दाबानं फ्रेम मधे आत येते आणि जाळी दोन्ही टोकांना बसते पण मधली बसत नाही. मग हातोडा निघतो.

गरम पाणी जाणार असेल तर आणखी एक. ३०४ चं प्रसरण एमएसपेक्षा जास्त असतं. वीस मीटरची सलग एसएस फ्रेम ६० अंशांनी तापली तर जवळपास २० मिमी वाढू पाहते. मधे सांधे द्या, नाहीतर काँक्रीट सोलून निघेल.

खाचांची पट्टी घ्यावी का?

वरच्या कडेला खाचा असल्या की पाय कमी घसरतो. तेल, चरबी, साबण जिथे आहे तिथे घ्या. खाच पाडल्यानं पट्टीची कामाची उंची कमी होते, त्यामुळे हिशेब खाचेखालच्या उंचीवर करायचा. डीआयएन ५११३० या जर्मन मानकातून आलेले पाय घसरण्याचे वर्ग आर ९ ते आर १३ असे आहेत, तेलकट उतारावर चालून पाहून ठरवलेले. गुडघ्यावर बसून काम करायची जागा असेल तर मात्र खाचा नकोत. कामगार शिव्या घालतील आणि त्यांचं बरोबर असेल.

जाळी खडखडते.

फ्रेम समपातळीत नाही, किंवा टेकणीखाली खडी अडकली आहे. आधी झाडून बघा, अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात. तरी राहिली तर टेकणीवर निओप्रीन किंवा ईपीडीएम रबराची पट्टी. वाहनं वळतात तिथे क्लिप किंवा बोल्ट लावाच. वळणाऱ्या चाकानं सुटा तुकडा उसळून उभा राहिलेला पाहिला आहे.

तुकडे किती लांबीचे असावेत?

एका मीटरच्या आतले. वर सांगितलेली ४०×५ ची जाळी चौरस मीटरला सुमारे ५५ किलो भरते. ३७२ रुंद, मीटरभर लांब तुकडा कडांसकट २३-२४ किलोचा होतो. दोघांनी दोन हूक घालून उचलावा. बोटं फटीत घालून नाही. तुकडा परत सोडताना बोट फ्रेमच्या कडेशी राहतं. कडेच्या पट्टीला प्रत्येक बेअरिंग बार वेल्ड केलेला हवा, विशेषतः वाहनांच्या वाटेवर. काही ठिकाणी पैसे वाचवायला चारात एक बार वेल्ड करतात. तो प्रकार पायवाटेपुरता ठीक आहे.

अन्नप्रक्रियेच्या जागेत वेगळं काय?

लिस्टेरिया हा जिवाणू थंड खोलीतही वाढतो आणि जमिनीची ड्रेनेज ही त्याची आवडती जागा. म्हणून जाळी हत्याराशिवाय उचलता यायला हवी, सांध्यात फटी नकोत, वेल्ड सलग आणि गुळगुळीत. ट्रेंचचे आतले कोपरे गोल. आणि उघड्या ट्रेंचमध्ये जोरदार प्रेशरचा पाइप मारू नका. तुषार उडून जे तळाला होतं तेच टेबलावर येतं. ब्रश, रसायन, मग हलकं पाणी.

सफाईसाठी जाळी काढून ठेवली तर चालेल ना, दहाच मिनिटं?

कठडा लावून चालेल. त्याच्याशिवाय एक मिनिटही नाही. वाफेत आणि फेसात उघडी ट्रेंच दिसत नाही, आणि तिथे रोज येणारा माणूस जाळी आहे असं गृहीत धरूनच पाऊल टाकतो.

मधे बसलेली जाळी उलटी करून वापरता येते का?

हे आम्हाला जवळजवळ दर महिन्याला विचारतात. काही जण विचारतही नाहीत, थेट करतात. उलटी केली की मधला भाग उंचवट्यासारखा वर येतो, ट्रॉली त्यावर अडखळते आणि जाळी टोकांवर डुगडुगते. चार दिवसांत ती पुन्हा खाली बसते. प्रेसखाली सरळ केलेली जाळीही नव्यासारखी नसते. वेल्ड तडकलेले असतात, जस्त सोललेलं असतं. तो तुकडा भंगारात टाका. पण टाकण्याआधी पट्ट्या कुठल्या दिशेला होत्या ते एकदा बघून घ्या.